आजोबांच्या आरीनं कोरलेले डोळे

काकूंनी पोरांचे गणपती एकेक करून उचलले आणि पाण्याच्या टबात बुडवले. पोरांच्या डोळ्यांदेखत. चतुर्थी दुसऱ्या दिवशी होती.

चंडीगडच्या आमच्या मराठी मंडळाचा हॉल. मूर्तीची कार्यशाळा मीच घेतलेली. मी शिल्पकार. माती, तार, रबर, चामडं, एकमेकाला जोडते. शाळेत पोरांना तेच शिकवते. काकू मंडळाच्या अध्यक्षांच्या बायको, त्यांची इरा माझ्याच शाळेत. सकाळभर काकूंचं मला 'बेटा' चाललेलं. बेटा चहा घे, बेटा इराचा हात धर.

मूर्तीचे डोळे शेवटी कोरायचे. मी पिशवीतून आरी काढली, एकेका मूर्तीचे डोळे कोरले. टोकदार, लाकडी मुठीची. काकूंनी विचारलं, हे कसलं हत्यार? मी सरळ सांगितलं. आजोबांची आरी. साताऱ्याकडे चपला शिवायचे. मी हिनंच चामडं शिवते.

बेटा तिथंच वाळलं.

"घरी पूजेला बसवायचेत हो हे," काकू म्हणाल्या. "चांभाराचं हत्यार लागलेले कसे चालतील? समजा, विसर्जन जरा लवकर झालं."

त्यांच्या खांद्याला चामड्याची पर्स. ती नाही बुडवली.

हॉल भरलेला. बदलीवर आलेले साहेब, त्यांच्या बायका. नागपूरचे, पुण्याचे, कोल्हापूरचे. एरवी मोदकावरून भांडतात. गप्प बसायला एकमत. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. मनाला लावून घेऊ नका, आरतीनंतर तुमचा सत्कार ठेवू, शाल-श्रीफळ देऊ.

जातीविरुद्धची पत्रकं चौकाचौकात वाटलेली मी. या हॉलात जीभ टाळ्याला चिकटली.

इरा टबात बघत म्हणाली, "दीदी, मेरा वाला कौन सा था?"

आत नुसता गाळ. तेव्हा जीभ सुटली.

"शाल तुम्हीच पांघरा," मी अध्यक्षांना म्हटलं. "माती मी नेते."

टब मांडीवर घेऊन ऑटोनं चंडीगडजवळच्या खरड गावातल्या माझ्या खोलीवर आले. माती वाळवली. राग वाळू दिला नाही.

त्याला महिना होत आला. उद्या शाळेचं कलाप्रदर्शन. मांडणी माझी. इंडस्ट्रियल एरियातल्या सीटकव्हरवाल्यांकडून चामड्याचे तुकडे आणले, त्याच आरीनं शिवून दाराएवढा पडदा केला. ती माती डिंकात कालवून त्यावर थापली. मातीत डोळे कोरले, बुडवलेल्या प्रत्येक मूर्तीचे. पडदा दारातच टांगलाय. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, बहुत बढिया.

आत समोरच इराचा हत्ती. अंग तारेचं, कान चामड्याचे. कान तिनं स्वतः शिवलेत. ह्याच आरीनं.

काकू येणारच. पोरीचं काम, फोटो हवेत, मैत्रिणी सोबत. पडदा जड आहे. खांद्यानं सरकत नाही, दोन्ही हात लावावे लागतात. मी करून बघितलंय.

मी दाराशी उभी असेन. आरी टेबलावर, दिसेल अशी. या काकू, म्हणेन.

पडदा बाजूला धरणार नाही.