अडखळणारा ट्रॅक्टर

शहाद्याच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते, तिथली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. अभ्यासक्रमातलं काही विचारायचं असलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप, पण हा प्रश्न मात्र उड्या मारत येतो. ‘मॅडम, रॅम वाढवली तर गेम अडकायचा थांबतो का?’ मी सांगते, थांबतो. बहुतेक वेळा थांबतो. मग ती खूश होऊन निघून जातात, आणि माझं पुढचा अर्धा दिवस कशातच लक्ष लागत नाही.

आमचं गाव पुरुषोत्तमनगरपासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे ऊस असतो, थोडी केळी असते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ट्रॅक्टरने उसाच्या सऱ्या पाडण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. लोक दोरी बांधून, खुणा रोवून सरी पाडतात. आप्पा समोरच्या बांधावरच्या एका झाडावर नजर लावायचे आणि निघायचे. नांगरट झाली की आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं, कारण पहिली सरी सरळ गेली की बाकीच्या तिच्याच मागे जातात, आणि पहिलीच वाकली तर देव आला तरी ते शेत सुधारत नाही. आप्पा नारळ फोडायचे, टोपी सारखी करायचे आणि पहिली सरी पाडून द्यायचे. चहाशिवाय कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. गर्व मात्र भरपूर होता. दुसऱ्याची वाकडी सरी रस्त्यावरून दिसली तरी त्यांचा दिवस खराब जायचा.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी वाटीत चमचा वाजायचा. आम्ही म्हटलं, वयानुसार होतं. सुरतेच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गोळ्या दिल्या. त्यानंतर एकदा ट्रॅक्टर ठिबकच्या नळ्या तुडवत केळीत घुसला, तेव्हा मायने किल्ली काढून घेतली आणि डाळीच्या डब्यात लपवली. आप्पांनी ती कधी मागितली नाही. त्यांनी आदळआपट केली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला इतकं वाईट वाटलं नसतं. ते नुसते ओट्यावर बसून रस्त्याने जाणारे दुसऱ्यांचे ट्रॅक्टर बघत राहायचे.

ते मला बघवेना. माझा स्वभाव तापट. दुःख झालं की मला स्वस्थ बसता येत नाही, काहीतरी उचलावं-आपटावं लागतं. घरात माझा जुना कॉम्प्युटर पडून होता. त्याच्यावर मी शेतीचा एक गेम टाकला आणि खेळण्याचं स्टीअरिंग आणून टेबलाला आवळून बसवलं. खाली पायात दाबायला क्लच-ब्रेकही होते.

“हाई काय पोरखेय आनी ठेवा?” आप्पा म्हणाले. दोन दिवसांनी मी कॉलेजातून आले तर ते खुर्चीत बसलेले, टोपी सारखी केलेली.

“कोना शे रे बा हाई शेत? बांधवर एक बाभूय नई,” ते पडद्याकडे बघून कुरकुरले. पण बाभळीऐवजी त्यांना दूरवर एक घर सापडलं होतं. त्याच्यावर नजर लावून त्यांनी ट्रॅक्टर काढला.

गेम अडखळत होता. ट्रॅक्टर चालता चालता क्षणभर थिजायचा आणि एकदम हातभर पुढे उडी मारायचा. आप्पा चाक सावरायला जायचे आणि सरी वाकायची. वळणावर तर फार. पण त्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांनी इतका जागा पाहिला.

“मशीन अटकी ऱ्हायनं तुन्हं,” ते म्हणाले. “हात बराबर शे मन्हा.”

मीही तेच धरून बसले. हात बरोबर आहे, मशीन नीट केलं की झालं.

त्या गेममध्ये मजूर लावायची सोय होती. एक बटण दाबलं की मजूर ट्रॅक्टरवर बसतो आणि फूटपट्टीने आखावी तशी सरी पाडतो. मी आप्पांना ते दाखवायला गेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बटणावरचा हातच काढला. “पहिली सरी मजूरना हातनी?” एवढंच बोलले.

मग मी कॉम्प्युटरच्या मागे लागले. पेटी उघडली तर आत पाचट जाळल्याची राख बसलेली. आमच्याकडे ऊसतोड झाली की ती काळी राख घराघरांत येते, दुधावरसुद्धा. पंख्यात तिचे गोळे झाले होते. ते साफ केल्यावर मशीन तापायचं कमी झालं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा गेम पटकन उघडायला लागला आणि नव्या शेतात शिरताना बसणारा मोठा हिसका गेला. मग ग्राफिक कार्ड आणलं. पिकांचे रंग खुलले, पण ट्रॅक्टर मधूनच थिजायचा तो थिजायचाच.

शहाद्यात बाजारपेठेत एका मारवाडी कुटुंबाचं दुकान आहे. आधी भांडी होती, आता अर्ध्या भागात कॉम्प्युटर. त्या दुकानदाराशी माझी रोज डोकेफोड व्हायची. मी म्हणायचे, सेकंदाला चित्रं तर भरपूर दिसतात, मग अडकतो का? तो म्हणाला, “मॅडम, सरासरी बघू नका. चित्रं किती येतात ते सोडा, सारख्या अंतराने येतात का बघा.” हे मी आप्पांना सांगितलं तर त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. एकरी बी मोजून बरोबर पडलं, पण मध्येच हात-हातभर कोरं राहिलं, तर त्या पेरणीला काय अर्थ, असं ते म्हणाले. किती दिवसांनी आप्पा मला शेतीतलं काही समजावत होते. त्या दिवशी मी फार खूश होते.

शेवटी दुकानदाराने रॅम कमी पडतेय हे शोधून काढलं. मी नवी पट्टी आणून जुनीशेजारी बसवली. आधी स्वतः चालवून पाहिलं. ट्रॅक्टर लोण्यातून सुरी जावी तसा चालला. कुठे थांबणं नाही, उडी नाही, वळणावर हिसका नाही. मी ओरडतच ओट्यावर गेले, “आप्पा, चला! मशीन पुरं बरं व्हयनं!”

ते बसले. टोपी सारखी केली. समोरच्या घरावर नजर लावून त्यांनी ट्रॅक्टर काढला. तो न अडखळता चालला, आणि सरी वाकत गेली. आप्पांनी ट्रॅक्टर मागे घेतला, पुन्हा काढला. पुन्हा वाकली. तिसऱ्यांदा त्यांनी उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने दाबून धरलं. तरी वाकली.

“आते तं अटकत नई,” आप्पा हळूच म्हणाले.

मी काहीबाही बोलले. चाकच हलकं आहे, खेळण्यातलं आहे, त्यात काय दम असणार. त्यांनी ऐकलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढून स्टीअरिंगवर टाकला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी तिथेच उभी होते. मला रडू येत होतं आणि त्या चांगल्या चालणाऱ्या मशीनचा संताप येत होता. जोवर ते अडखळत होतं, तोवर आप्पांचा हात शाबूत होता. मी एकेक भाग आणून, मोठ्या हौसेने, त्यांच्याकडची तेवढी एक सबब काढून घेतली होती.

त्यानंतर आप्पा खोलीत फिरकले नाहीत. जेवणही कमी झालं. मायने विचारलं तर ‘भूक नई’ म्हणाले. रुमाल चाकावर तसाच होता. तो उचलायची माझीही हिंमत झाली नाही.

एका रविवारी दुपारी ते जेवून झोपले होते. मी पेटी उघडली, नवी पट्टी काढली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. पेटीचं झाकण घाईघाईत लावलं. चालवून पाहिलं. ट्रॅक्टर पहिल्यासारखा थिजला आणि उडी मारून पुढे गेला. मशीन बिघडवल्याचं एवढं समाधान मला जन्मात झालं नव्हतं. आप्पा उठल्यावर मी चहा दिला आणि म्हटलं, “जराखा बठा ना. परत काहीतरी व्हई ऱ्हायनं त्याले, माले समजत नई.”

बरेच आढेवेढे घेऊन ते आले. रुमाल बाजूला केला. ट्रॅक्टर काढला. चार पावलांवर तो थिजला, उडाला, आणि सरी वाकली. आप्पा चाकावर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा मोठ्या, जुन्या आवाजात ओरडले, “अटकी ऱ्हायनं वं हाई मशीन!”

“मंग पोरले सांगा ना,” माय आतून म्हणाली.

“उद्या शहाद्याहून काहीतरी आनस मी,” मी म्हटलं.

आप्पांनी माझं मनगट धरलं. “काही नको आनू, बेटा. आते आसंच ऱ्हाऊ दे.” मग हनुवटीने कॉम्प्युटरच्या पेटीकडे खूण करून ते अगदी हळू म्हणाले, “आन् तो स्क्रू कसी ले. ढिला ऱ्हायना तुन्हा.”

मी बरं म्हटलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर थरथरत होता, आणि आम्ही दोघंही तिकडे न बघता समोर पडद्याकडे बघत होतो.