शिट्टी मारणारी खुर्ची

आमचे हे कुठे काय ठेवतील याचा नेम नाही. म्हातारपणामुळे म्हणाल तर तसंही नाही, लग्न झालं तेव्हापासून हेच चाललंय. पाकीट साखरेच्या डब्यामागे, किल्ल्या दाराला बाहेरूनच. एकदा दाढीचा ब्रश शोधायला यांनी अख्खं घर उलथंपालथं केलं, माझ्यावर दोनदा चिडले, आणि शेवटी ब्रश निघाला गोंदाच्या डब्यात. मग मी न बोलता दाढीचा मग दाखवला. त्यात गोंदाचा ब्रश होता.

खुर्च्या आणि सोफे नव्याने भरून द्यायचे, हा यांचा धंदा, बेचाळीस वर्षांचा. जुनं कापड फाडायचं, आतली दबलेली भर काढायची, पट्ट्या ताणायच्या, स्प्रिंगा बांधायच्या, फोम घालायचा, वर नवं कापड, आणि शेवटी खुर्ची उलटी करून बुडाला काळं कापड ठोकायचं. मी दुकानाची पुढची बाजू बघते, म्हणजे गिऱ्हाईक, फोन, कापडाचे नमुने. यांनी हरवलेल्या वस्तू शोधणं हे माझंच खातं.

पण एक सांगते, आणि हे मी यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही. कामात माणूस पक्का. लोकांच्या जुन्या खुर्च्यांच्या पोटात काय काय सापडतं! कानातलं, कात्री, दाताची कवळी, एकदा तर न फोडलेलं पत्र. हे सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, वर चिठ्ठी लावायची आणि ज्याचं त्याला परत करायचं, यात यांची कधी चूक नाही. आणि बुडाचं कापड ठोकायच्या आधी आत एकदा हात फिरवायचाच. "आपलं काही लोकांच्या खुर्चीत जाता कामा नये," हे यांचं ठरलेलं वाक्य. घरात गोंदाने दाढी करणारा माणूस दुकानात हे बोलतो तेव्हा मी फक्त वर छताकडे बघते.

हातोडीपायी कान गेले. डावा कान कामातूनच गेलाय, उजव्यात मशीन घालतात. ते घातलं की बोललेलं बरंचसं कळतं, काढलं की माणूस भिंतीसारखा. पण मशीन घालून खिळे ठोकता येत नाहीत, प्रत्येक ठोका डोक्यात फुटतो म्हणतात. म्हणून ठोकायच्या आधी मशीन काढायचं आणि ठेवायचं... कुठेही! मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, अहो, डबी दिलीय ना, डबीत ठेवा, आणि काढलं की सेलचं झाकण उघडा, म्हणजे ते बंद होतं. नाही तर ते चालूच राहतं आणि कशाखाली दबलं की कुईंऽऽ करून शिट्टी मारतं. यांनी एका कानाने ऐकलं आणि... जाऊ दे, दुसरा कान तर नाहीच.

आता आमची स्प्रिंग. मुलीची मुलगी, आठ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून यांनीच हे नाव ठेवलं. मुलगी हॉस्पिटलात नोकरीला, म्हणून शाळा सुटली की स्प्रिंग दुकानात येते. पोरगी हुशार, पण बोलताना अडखळते. विशेषतः क आणि ख आला की गाडी अडते ती अडतेच. समोरचा माणूस तिच्याऐवजी शब्द पूर्ण करून टाकतो, मग ती गप्प बसते. मीही करायचे तसं. लाज वाटते आता सांगायला.

मला एक दिवस कळलं की ही पोरगी आजोबांशी घडाघडा बोलते. कधी? यांनी मशीन काढलेलं असलं की! हे खिळे ठोकतायत, ही उलट्या खुर्चीसमोर उभी राहून तोंडाचा पट्टा चालवतेय, एक अक्षर अडत नाही. मशीन कानात गेलं की पट्टा बंद. ऐकणारा कान समोर असला की तिची भीती जागी होते, दुसरं काय!

त्यातच शाळेत ठरलं की प्रत्येकाने शनिवारी आई-वडील, आजी-आजोबांसमोर 'आमच्या घरचं काम' या विषयावर बोलायचं. स्प्रिंगने स्वतःच लिहून काढलं. पहिलंच वाक्य होतं, "खुर्चीच्या पोटात काय काय असतं ते मी सांगते." सुरुवातच ख-ने! मी म्हटलं, अगं, दुसरा एखादा शब्द घे. तर म्हणाली, "आजी, ख... खुर्चीला दुसरं काय म्हणू?" बरोबरच होतं तिचं.

पंधरा दिवस तिने यांच्यासमोर तालीम केली, अर्थात मशीन काढलेलं असताना. आणि एकदा चहा पिताना हे मला हळूच म्हणाले, "अगं, रोज बोलते ती माझ्यापुढे. मी एक शब्द ऐकलेला नाही. शनिवारी मशीन लावून पहिल्या रांगेत बसणार आहे." यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, पण त्या दिवशी ज्या आवाजात बोलले तो मागण्याचाच आवाज होता. मी रविवारी आठवणीने मशीनमध्ये नवा सेल घातला.

आणि सोमवारी मशीन हरवलं.

तुम्ही म्हणाल, शोधलं नाही का? अहो, मी कचऱ्याची पोती रस्त्यावर उपडी केली! फोमचे तुकडे बोटांनी चिवडले, गोंदाचे डबे ढवळले, साखरेचा डबासुद्धा बघितला. हे नुसते माझ्या मागून फिरत होते आणि "असेल, इथेच असेल," म्हणत होते. मला इतका संताप आला की मी मोठ्याने बोलले, मग आठवलं की यांना ऐकू येत नाही, मग पाटीवर लिहून बोलले. पाटी भरली तरी माझं बोलणं संपेना.

सोमवारीच संध्याकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या आठ खुर्च्या टेम्पोतून गेल्या होत्या. मी पाटीवर लिहिलं, 'खुर्चीत गेलं असेल.' हे एकदम तांबडेलाल. "मी हात फिरवतो! बेचाळीस वर्षांत एकदाही गेलं नाही!" मी पाटीवर 'फोन करू?' लिहिलं, तर यांनी ते बोटाने पुसून टाकलं. कामातला अभिमान हो! घरात हवा तेवढा अपमान करून घेतील, पण खुर्चीबद्दल ब्र काढायचा नाही.

बुधवारी मी कानाच्या मशीनच्या दुकानात जाऊन आले. नवीन मशीन यायला तीन आठवडे. उसनं मिळेल का विचारलं, तर ते ज्याच्या त्याच्या कानाला जुळवलेलं असतं म्हणाले. परत आले तेव्हा स्प्रिंग तालीम करत होती आणि हे स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे बघूनच यांना कळलं. हातोडी उचलली, खाली ठेवली, परत उचलली. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला रडूच आलं.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. डॉक्टरीणबाईंची नर्स.

"काकू, तुमच्या खुर्च्या आजच मांडल्या, तर एका खुर्चीत काहीतरी बिघाड आहे. आवाज येतो."

"स्प्रिंग करकरत असेल. बघायला सांगते."

"करकर नाही हो, शिट्टी! कुणी बसलं की बारीक शिट्टी वाजते. पेशंटला वाटतं आत दात कोरायचं मशीन सुरू झालं. सकाळपासून दोघंजण उठून घरी गेले."

मी फोन तसाच टाकला. स्प्रिंग नुकतीच शाळेतून आली होती. तिचा हात धरला, यांच्या हातात हत्यारांची पिशवी कोंबली आणि निघालो. वाटेत यांनी चार वेळा विचारलं, "झालं काय?" मी मुद्दाम सांगितलं नाही. चार दिवस मी शोधलं होतं, पंधरा मिनिटं यांनी थांबावं की!

दवाखान्यात आठ खुर्च्या भिंतीला लावून ओळीने ठेवलेल्या. वर छान निळं कापड, सगळ्या सारख्या. शिट्टी यांना ऐकू येणार नव्हती, म्हणून स्प्रिंगला कामाला लावलं. ती एकेका खुर्चीवर उडी मारून बसली. पहिली गप्प. दुसरी, तिसरी गप्प. चौथीवर एक काका गाल धरून बसले होते, ते बिचारे आपण होऊन उठले. पाचवी गप्प. सहावीवर ती बसली आणि, कुईंऽऽऽ!

"आजोबा!" ती ओरडली आणि खुर्चीवर उड्याच मारायला लागली. कुईं, कुईं, कुईं. यांना काही ऐकू येईना, पण तिचं तोंड बघून समजले. माणूस खाली वाकला, खुर्ची उलटी केली, काळ्या कापडाचे खिळे उपटले आणि आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांत ते एवढंसं मशीन. माझा जीव भांड्यात पडला. त्या गाल धरलेल्या काकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

हे मात्र मान खाली घालून बसले होते. मशीन कानात घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "या खुर्चीत हात फिरवायचा राहिला. ती बोलत होती ना समोर. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो."

डोक्यात तयार ठेवलेली सगळी वाक्यं मी गिळून टाकली. एकच म्हटलं, "झाकण उघडून ठेवलं असतं तर शिट्टी वाजली नसती आणि सापडलंही नसतं." म्हणजे इतकी वर्षं मी जे सांगत होते ते ऐकलं नाही म्हणूनच मशीन मिळालं! यांना हसू फुटलं. मलाही.

शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून हे पहिल्या रांगेत बसले. मशीन कानात. मी दोनदा हात लावून बघितलं.

स्प्रिंग पुढे आली. हात मागे बांधले, आमच्याकडे बघितलं आणि सुरू केलं. "ख... ख..."

तिने पाय बदलला.

"ख..."

तो शब्द माझ्या तोंडात तयार होता, आणि तिच्या वर्गाच्या बाईंच्याही असणार, कारण त्या एक पाऊल पुढे आल्या. पोरीचे डोळे आजोबांच्या कानावर खिळलेले. मागून कुणीतरी खुसखुसलं.

यांनी कानातलं मशीन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

पडू नये म्हणून मी मूठ घट्ट मिटली आणि भर हॉलमध्ये मुठीतून आवाज आला, कुईंऽऽऽ!

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण स्प्रिंगने तो आवाज ओळखला. तिने आजोबांचा रिकामा कान बघितला आणि खुदकन हसली.

"खुर्चीच्या पोटात काय काय असतं ते मी सांगते," ती म्हणाली. आणि मग काय विचारता! कानातलं आलं, कवळी आली, न फोडलेलं पत्र आलं. शेवटी कागदावर नसलेलं एक वाक्य तिने आपल्या मनाने घातलं, "आणि एकदा तर माझ्या आजोबांचा कानच निघाला!" लोक पोट धरून हसले.

मी सेलचं झाकण उघडून शिट्टी केव्हाच बंद केली होती. मध्येच एकदा यांच्या दंडाला हात लावून मशीन पुढे केलं, निदान शेवट तरी ऐका म्हणून. यांनी माझी मूठ मिटली आणि त्यावर आपला हात ठेवला. ज्या दिवसासाठी चार दिवस जीव काढला, त्या दिवशी या माणसाने एक शब्द ऐकला नाही. टाळ्या वाजल्या त्यासुद्धा लोकांचे हात बघून यांना कळल्या.

परत येताना दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या बाकाजवळ स्प्रिंग थांबली. तिने माझ्याकडे हात पसरला. मी मशीन दिलं. तिने झाकण लावलं आणि ते आजोबांच्या हातात ठेवून कानाकडे बोट दाखवलं.

"घालू?" यांनी विचारलं.

तिने मान हलवली. यांनी मशीन घातलं, बाकावर बसले. ती समोर उभी राहिली, हात मागे बांधून.

"ख... ख... खुर्चीच्या..."

पहिल्यापासून शेवटपर्यंत तिने सगळं म्हणून दाखवलं. अकरा वेळा अडली. एकदा तर एवढी अडली की रस्त्यातली बाई वळून बघायला लागली. मी माझी जीभ दाताखाली धरून ठेवली होती. यांनी घाई केली नाही, शब्द पुढे केला नाही, नुसते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले.

संपल्यावर तिने विचारलं, "सगळं ऐ... ऐकू आलं?"

"सगळं."

"अडले तेपण?"

"तेपण," हे म्हणाले. "तेवढंच जास्त वेळ ऐकायला मिळालं की मला."

ती यांच्या शेजारी बाकावर बसली, आणि मग निघाल्यावर घर येईपर्यंत काय काय सांगत राहिली. मशीन कानातच होतं.