दाजींनी घरी आणलेलं स्टेअरिंग

माझ्या दाजींइतका संतापी माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि इतक्या चमत्कारिक कारणासाठी संतापणारा तर नाहीच नाही. माझ्या थोरल्या ताईचे हे यजमान तीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये क्रेन दुरुस्त करत होते. निवडणूक कोण जिंकलं, नळाचं पाणी का गेलं, याचं त्यांना सोयरसुतक नसे. क्रेनचं स्टेअरिंग कसं चालतं हे लोकांना ठाऊक नाही, एवढ्या एकाच गोष्टीने त्यांचं डोकं फिरायचं. मी कल्याणच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे पहिला गुन्हेगार मीच. माझ्याच लग्नात, सासरच्या मंडळींसमोर ते मला म्हणाले होते, "अरे, स्टेअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडा नसतोच. मधे नुसतं तेल असतं. एवढं माहीत नाही, पोरांना शिकवतोस काय?"

माझ्या मुलीच्या नामकरणाला तर त्यांनी खिशातून दोन इंजेक्शनच्या सिरिंज काढल्या. मधे नळी, आत तेल. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येई. पाहुणे खिरीच्या वाट्या हातात धरून अडकून पडले. "स्टेअरिंग फिरवलं की त्याखालचा व्हॉल्व्ह फक्त रस्ता उघडतो. डावीकडे फिरवलं तर पंपाचं तेल सिलिंडरच्या या तोंडाने जाणार, उजवीकडे फिरवलं तर त्या. चाकं ढकलतं ते तेल. आपण नुसतं सांगायचं काम करतो." एवढं होईपर्यंत नळी निसटली आणि तेलाची पिचकारी माझ्या नव्या शर्टावर उडाली. बरं, चुकलं म्हणायचं तर तेही नाही. उलट माझ्यावरच डाफरले, "बघ, चालत्या क्रेनचा पाइप असा सुटला तर काय होईल?" रस्त्यात कुणी उभ्या क्रेनचं स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवून धरून ठेवलेलं दिसलं, तर हे रिक्षातून उतरून भांडायला जात. "पंप ओरडतोय तो, ऐकू येत नाही का?" मीटर चालू असे, आणि रिक्षावाल्याची बोलणी मी खात असे.

मग कल्याणजवळच्या मोहने गावात कामाला गेलेली ती क्रेन परत आली. तिकडे कामावर असताना कुणीतरी तिच्या सिलिंडरचे दोन पाइप काढले आणि बसवताना अदलाबदल केली. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की क्रेन उजवीकडे. चालवणारा बबन ती तशीच वागळे इस्टेटपर्यंत घेऊन आला आणि वर अभिमानाने म्हणाला, "टेन्शन नाय काका, दोन दिवसांत हात बसला." दाजींनी पाहिलं तर पाइप फुगलेलेही होते. नवे येईपर्यंत दुपार उलटली असती. शेडच्या मालकाला क्रेन लगेच कामावर पाठवायची होती. "आजचा दिवस जाऊ द्या, त्याला सवय झालीय," असं म्हणून तो ऑफिसात गेला. इकडे दाजींनी मधला नट खोलला, स्टेअरिंग काढून पिशवीत घातलं आणि सरळ वर्तकनगरला घरी आले.

मी त्या दिवशी तिथेच जेवायला होतो. तासाभरात मालक दारात. "स्टेअरिंग द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका." दाजी ताटावरून उठलेसुद्धा नाहीत. "साहेब, अचानक कोणी आडवं आलं तर बबनचा हात नव्या सवयीने फिरणार नाही, जुन्या सवयीने फिरेल. मग जो चिरडेल, त्याच्या घरी तुम्ही जाणार की मी?" मालकाच्या आधी मीच बोललो. "देऊन टाका ना दाजी, कशाला नोकरी घालवता?" असं मी म्हणालो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. दाजींनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मालक हात हलवत परत गेला. संध्याकाळी बबनचा फोन आला, "जयभीम काका, नवीन पाइप लावले, बरोबर लावले. दुसरा मिस्त्री आणलेला शेठनी." तेव्हा कुठे त्यांनी पिशवी ताईच्या हाती दिली आणि शेडवर पोचती करायला सांगितलं. स्वतः गेले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नाही.

तीस वर्षं ज्याच्या क्रेन या माणसाने सरळ चालत्या ठेवल्या, त्याला एक फोन करावासा वाटू नये? मी महिनाभर जळफळत होतो. परवा आम्ही दोघं रिक्षाने चाललो होतो. नाक्यावर सिग्नल लागला आणि तीच क्रेन शेजारी येऊन उभी राहिली. बबनने वरून हात जोडले. सिग्नल सुटताच त्याने स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि तेवढं मोठं धूड अलगद डावीकडे वळलं. मी वाट पाहत होतो, आता हे काहीतरी खोट काढणार, आता खाली उतरणार. दाजी ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्या चाकांकडे बघत राहिले. "छान वळते रे," एवढंच म्हणाले. बबनवर, त्या नव्या मिस्त्रीवर, माझ्यावर, कुणावरच ओरडले नाहीत. मला पहिल्यांदाच वाटलं, आपले दाजी म्हातारे झाले.