सत्कार परत घेणारी अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घराजवळच्या सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो. अर्धी दाढी झाली होती. भाचा महेश फोनवर एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली. जेवून उठली, जरा पडते म्हणाली..." मी गळ्यातलं कापड काढून तसाच स्टँडवर आलो आणि मिळेल त्या बसमध्ये चढलो. लोहा गावाच्या पुढं गेल्यावर कंडक्टर तोंडाकडं निरखून पाहायला लागला तेव्हा ध्यानात आलं की एका गालावर साबण वाळलाय. अशाच अवतारात अहमदपूरला अक्काच्या घरी पोचलो. रडणाऱ्या बायकांतल्या एकीनं मान वर करून मला पाहिलं, तिला क्षणभर हसू फुटलं आणि मग ती आणखीच जोरात रडायला लागली. अक्का असती तर तिनं मला आधी आरशासमोर उभं केलं असतं आणि म्हणाली असती, "बापू, सरकारी काम हाय का हे? अर्धं करून सोडून दिलास."

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. त्यामुळं देशात जे जे अर्धवट राहिलं त्या सगळ्याचा जबाब अक्का माझ्याकडं मागायची. कालवा आटला, मीच. रस्ता उखडला, मीच. आमचं माहेर देगलूरचं, तिकडं थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. शकुंतला हे तिचं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं राहिलं. लग्न होऊन ती अहमदपूरला गेली आणि काही वर्षांत अख्ख्या गावाची अक्का झाली, अगदी तिच्याहून वयानं मोठ्या माणसांचीसुद्धा.

दाजींचं स्टँडजवळ वह्या-पेनांचं दुकान होतं, जेमतेम चालणारं. अक्काच्या लक्षात आलं की या गावात वह्या कमी खपतात आणि सत्कार जास्त होतात. कुणी निवडून आला, सत्कार. कुणी पडला, तरी झुंज दिल्याबद्दल सत्कार. पोरगा दहावी पास झाला, सत्कार, आणि पोराच्या आधी त्याच्या बापाचा. मग तिनं दुकानात शाली, श्रीफळं, हार, सन्मानचिन्हं ठेवायला सुरुवात केली. फेटा बांधायला ती स्वतः शिकली. बाईमाणसानं पुढाऱ्यांच्या डोक्याला हात लावायचा म्हणून सुरुवातीला लोक कुजबुजले, पण तिनं बांधलेला फेटा भाषण संपेपर्यंत हलत नसे आणि आमच्याकडं भाषणं लांब असतात, म्हणून कुजबुज थांबली. सत्काराची सगळी रीत तिला पाठ होती. आधी फेटा, मग शाल, मग श्रीफळ, मग हार, मग फोटो. कुणाला कोणती शाल द्यायची हेही ठरलेलं. एक तपकिरी शाल तर सत्कारमूर्तींनी दुसऱ्या दिवशी गुपचूप परत आणून विकलेली आणि तिनं पुन्हा विकलेली, अशी अर्ध्या तालुक्याच्या खांद्यांवरून फिरून आली होती. "लई अनुभवी शाल हाय," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची आणि गिऱ्हाईक ती घ्यायचं.

पहिला वेगळा सत्कार तिनं केला तो कुलपाचा. बसस्टँडवर बायकांसाठी नवीन स्वच्छतागृह बांधलं होतं. वाजतगाजत उद्घाटन झालं आणि त्याच संध्याकाळी त्याला जे कुलूप लागलं ते लागलंच. किल्ली कुणाकडं, हे डेपोला माहीत नव्हतं, नगरपालिकेला तर त्याहून माहीत नव्हतं. अक्कानं चार-दोन बायका गोळा केल्या, भर दुपारी जाऊन कुलपाला इवलासा फेटा बांधला, शाल पांघरली, पुढं नारळ ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं भाषण केलं. "या स्टँडात येळेवर हजर असणारं, एक बी सुट्टी न घेणारं, कुणाची भीडभाड न ठेवणारं एवढं एकच कर्मचारी हाय." फलाटावरच्या सगळ्या गाड्यांचे प्रवासी खाली उतरून हसायला लागले. त्या आठवड्यातच किल्ली सापडली. मी फोन करून म्हटलं, अक्का, अर्ज करायचा होता, रीतसर. ती म्हणाली, "अर्ज करून करून बायकांची उमर गेली बापू. तुमच्या खात्याला रागवलं की तुम्ही चौकशी लावता. हसलं की तुम्हाला रात्री झोप येत न्हाई."

हे तिचं गणित खरं होतं आणि पुढं बराच काळ ते तिला पावलं. म्हणूनच एका खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा तिनं तेच हत्यार काढलं. एका कंपनीचं बियाणं होतं. शेतंच्या शेतं काळीभोर, मोकळी पडली. कंपनीचं म्हणणं, शेतकऱ्यांनी खोल पेरलं. पाहणीला आलेल्या पथकानंही तेच लिहून नेलं. खोल पेरलं म्हणे... ज्यांच्या आजा-पणज्यांनी तिफणी धरल्या त्यांना एसी गाडीतून उतरलेला माणूस खोली शिकवत होता. अक्कानं जाहीर केलं की कंपनीचा भव्य नागरी सत्कार होणार. फ्लेक्स लागला. "आमचा खुरपणीचा खर्च वाचवल्याबद्दल, काढणीचा त्रास वाचवल्याबद्दल आणि बाजार समितीतली रांग वाचवल्याबद्दल हार्दिक आभार." अहमदपूरकर त्या फ्लेक्सखाली उभं राहून पोट धरून हसले.

आणि कंपनीचा साहेब आला. खरोखर आला. परमुलखातला होता, मराठी वाचायला त्याला जड जायचं, फ्लेक्सवर फक्त "हार्दिक आभार" तेवढं त्याला लागलं असावं. अक्कानं त्याला झोकदार फेटा बांधला, शाल घातली, श्रीफळ दिलं, रीतीत काडीचं उणं ठेवलं नाही. साहेब गहिवरला. हात जोडून म्हणाला की एवढं प्रेम मला कुठंच मिळालं नव्हतं. मागं बसलेले लोक रुमाल तोंडात कोंबून बसले होते. मी त्या दिवशी मुद्दाम नांदेडहून गेलो होतो आणि मीही त्यातलाच एक होतो. तेव्हा आम्हाला वाटलं, जिंकलो.

पुढच्या पेरणीच्या तोंडावर उदगीरपासून देवणीपर्यंतच्या रस्त्यावर कंपनीचे मोठाले फलक लागले. त्यावर अक्काचा फोटो, साहेबाला शाल पांघरताना. खाली मजकूर, "शेतकऱ्यांनीच केला आमचा गौरव." अहमदपूरच्या बाहेर तो टोमणा होता हे कुणाला ठाऊक असणार? फोटोत सगळं इतकं रीतसर होतं की संशय यायला जागाच नव्हती. लोकांनी बियाणं घेतलं. बऱ्याच शेतांत ते पुन्हा उगवलं नाही.

एका सकाळी देवणीकडच्या कोंडाबाई दुकानात आल्या. त्यांची लेक अहमदपुरात दिलेली, तिच्याकडं आल्या होत्या. आल्या आणि बराच वेळ अक्काच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, त्या बोर्डावर तुम्हीच हाव ना?"

"हाव," अक्का म्हणाली.

"तुमचा फोटो बघून घेतलं मी बी. मालक नको म्हणत होते. मी म्हनलं, बाईमाणूस हाय, ती कशाला खोटं बोलंल. कामून खोटं बोललाव तुम्ही?"

त्या रागावल्या नव्हत्या, हेच अक्काला जास्त लागलं. तिनं चहा मागवला, तो तसाच निवला. टोमणा होता हे तिनं सांगून पाहिलं. कोंडाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं की मग शाल खोटी होती का, नारळ खोटा होता का? शाल खरी होती, नारळ खरा होता, फोटो खरा होता. त्या दिवशी अक्काचा मला फोन आला. म्हणाली, "गाव हसलं तेवढ्यावर मी खुश होऊन राहिले बापू. त्या बाईपर्यंत माझं बोलणं उलटं पोचलं. आता तिनं उद्या माझं काय म्हणून ऐकावं? आन् तिनं न्हाई ऐकलं तर मी बोलून तरी काय करू?" मी तिची समजूत घालत होतो, पण ती माझं ऐकत नव्हती. तिचं ठरलं होतं. दिलेला सत्कार परत घ्यायचा.

आता सत्कार देण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे, परत घेण्याची कुणालाच नाही, कारण आजवर कुणी घेतलाच नाही. अक्कानं ती बसवली. सगळं उलट्या क्रमानं. आधी हार काढायचा, मग श्रीफळ मागून घ्यायचं, मग शाल, सगळ्यात शेवटी फेटा सोडायचा. लातूरला कंपनीच्या कचेरीत जाऊन हे करणार असं तिनं जाहीर केलं मात्र, तालुक्याच्या कचेरीतून हुकूम निघाला. शांततेला बाधा पोचू नये म्हणून तालुक्यातल्या कुणालाही कोणत्याही व्यक्तीचा, संस्थेचा अथवा वस्तूचा जाहीर सत्कार पूर्वपरवानगीशिवाय करता अथवा परत घेता येणार नाही. "वस्तूचा" हा शब्द कुलपाच्या आठवणीनं घातला होता हे शेंबडं पोरही सांगत होतं. कंपनीवर कारवाई करायला ज्यांना वर्ष पुरलं नाही त्यांनी हा कागद एका दुपारीत काढला. मी सरकारी माणूस, मला शरम वाटली, हे इथं लिहून टाकतो.

पण अहमदपूर आता अक्काच्या हाताखाली तयार झालेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत परवानगीचे अर्ज यायला लागले. एकानं लिहिलं, पुढल्या पोळ्याला देवणी जातीच्या बैलाच्या गळ्यात हार घालायचा आहे, बैल व्यक्तीत मोडतो की वस्तूत, कळवावे. एका सूनबाईनं विचारलं, सासूबाईंना वाढदिवसाला शाल नाही, साडी देणार आहे, तरी परवानगी लागेल काय? नवरदेवांचे बाप फेट्यासाठी रांगेत उभे राहिले, आणि लग्नसराई ऐन भरात होती. शाळांनी स्नेहसंमेलनाचे अर्ज दिले. एका पठ्ठ्यानं तर "बायकोचे जाहीर कौतुक करणे आहे, पहिलीच वेळ आहे, पोलीस बंदोबस्त मिळावा" अशी विनंती केली. कारकुनाला जेवायला उठता येईना. शेवटचा घाव कचेरीच्याच शिपायांनी घातला. हुकूम काढणाऱ्या साहेबांची बदली झाली होती आणि निरोप समारंभासाठी त्यांनी साहेबांकडंच परवानगी मागितली. हुकूम कसा मागं घेतला ते कुणाला कळलं नाही. एके दिवशी कचेरीच्या सूचनाफलकावर तो नव्हता, इतकंच.

मग अक्का लातूरला गेली. सोबत कोंडाबाई, त्यांच्या गावच्या बायका आणि मी. सत्कार स्वीकारलेला साहेब कधीच दुसऱ्या राज्यात गेला होता, त्याच्या जागी नवा, तरणा माणूस बसला होता. शाल कुठाय ते त्याला माहीत नव्हतं, फेटा तर साहेब घरी घेऊन गेलेला. पत्रकार कॅमेरे सरसावून उभे होते, सगळ्यांना वाटलं आता अक्का काहीतरी खमंग बोलणार. मलाही तेच वाटलं. अक्का उभी राहिली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मागल्या साली मी तुमचा सत्कार केला. तो टोमणा होता. तुम्हाला कळला न्हाई ही चूक तुमची. या कोंडाबाईला कळला न्हाई ही चूक माझी. म्हणून आज सरळ सांगते. तुमचं बियाणं उगवलं न्हाई आन् तुम्ही लोकांशी खोटं बोललाव. माझा सत्कार मी परत घेतला."

कुणी हसलं नाही. एका पत्रकाराच्या तोंडावर तर निराशा स्पष्ट दिसत होती. पण दुसऱ्या दिवशी बातमीत तीच वाक्यं जशीच्या तशी छापून आली, देवणी-उदगीरच्या रस्त्यावरचे फलक उतरले आणि काही शेतकऱ्यांना बियाणं बदलून मिळालं. बऱ्याच जणांना काहीच मिळालं नाही, तेही सांगायला हवं. माझ्या बहिणीनं राज्य उलथवलं नाही. तिनं स्वतःचा शब्द तेवढा जागेवर आणून ठेवला, आणि त्यासाठी जी हिंमत लागते ती मी माझ्या साऱ्या नोकरीत कुठल्या मोठ्या टेबलामागं पाहिली नाही. मला तिचा तेव्हाही अभिमान वाटला, आजही वाटतो.

टोमणे तिनं नंतरही सोडले नाहीत. तिच्या शोकसभेत नगरपालिकेचे एक पदाधिकारी म्हणाले, "अक्कांचं प्रशासनाला सदैव मोलाचं सहकार्य लाभलं," आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. बोलणारे गोंधळले, मग तेही हसले. पण बियाण्याच्या बाबतीत ती त्या दिवसापासून कधी वाकडं बोलली नाही. लातूरहून परतल्यावर तिनं दुकानात, शालींच्या कपाटाखाली, ओलं गोणपाट ठेवायला सुरुवात केली. पेरणीआधी ज्याला हवं त्यानं आपल्या पिशवीतलं मूठभर बियाणं आणून द्यावं, अक्का ते गोणपाटात ओळीनं मांडून गुंडाळणार, रोज पाणी शिंपडणार आणि काही दिवसांनी उघडून किती उगवलं ते सांगणार. त्यात नवीन काही नाही, शहाणी माणसं घरी करतातच. पण लोकांना तिच्या तोंडून ऐकायचं असायचं. सत्काराच्या दुकानात मोड आल्याचा ओलसर वास दरवळत असायचा आणि शाल घ्यायला आलेले पुढारी नाक मुरडायचे.

गेल्या आठवड्यात दाजींना भेटायला गेलो होतो. दाजी मितभाषी माणूस, सगळी उमर अक्काच्या बोलण्याच्या सावलीत काढलेला. दुकान उघडलं होतं. कपाटाखाली गोणपाट ओलं होतं. तेवढ्यात कोंडाबाई आल्या. अक्का गेल्यावर त्या पहिल्यांदाच दुकानात येत होत्या, त्यांचं बियाणं लेकीनं आधीच आणून दिलेलं. त्या दारातच घुटमळल्या, आत कुणाशी बोलावं ते त्यांना समजेना. दाजी खाली बसले, गोणपाट हळूहळू उलगडलं, चष्मा वर करून पाहिलं. कुठंकुठं मोड, बाकी दाणे तसेच फुगून पडलेले.

"न्हाई उगवलं," दाजी म्हणाले. "हे पेरू नका. दुसरं घ्या."

कोंडाबाईंनी खाली वाकून गोणपाटात डोकावलंसुद्धा नाही. "बरं," म्हणाल्या, पदर सावरला आणि दुसरं बियाणं आणायला निघाल्या.