चोराचे बोंबील

“चोर आला हो मास्तर, भांडी आत घ्या!”

फाटकाबाहेर ही आरोळी ऐकली की आमची ही पदराला हात पुसत बाहेर जायची. आरोळी त्या म्हाताऱ्याची स्वतःचीच; तारापूरहून सायकलवर सुक्या मासळीची टोपली बांधून तो पालघरला यायचा. मासळी विकणं हे बायकांचं काम. पण बायको वारली, मुलगी सातपाटीला दिलेली, म्हणून टोपली त्याच्याकडे आली. लोक हसायचे. तोही हसायचा. “चोराचे बोंबील हायत, वहिनी. वास दडवता येत नाय.”

चोर म्हणजे काय, हे त्यानंच आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं. बेचाळीसच्या चळवळीत तारयंत्राच्या तारा तोडायला गावातली पोरं निघाली, त्यात हा होता. तारा तोडल्या. बाकीचे पळाले. यानं मात्र तारेचं भेंडोळं खांद्यावर घातलं आणि घरी आणलं.

“का रे बाबा?” मी कपाळाला हात लावला.

“चांगली तार मास्तर, फुकट कशाला घालवायची?”

आमच्याकडच्या किनाऱ्यावर बोंबील कसे वाळवतात, तुम्ही पाहिलं असेल. खांब रोवून दोऱ्या ताणायच्या आणि एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवून जोडीजोडीनं टांगायचे. यानं दोरीऐवजी ती तार ताणली. पोलीस आले तेव्हा सरकारच्या तारेवर याचे बोंबील वाळत होते. खटला चालला तो चोरीचा. चळवळीत पकडलेले नेते सुटून आले तेव्हा त्यांना हार पडले, हा सुटून आला तेव्हा शेजारणीनं वाळत घातलेलं लुगडं आत घेतलं.

तेही त्यानं हसण्यावारी नेलं. पण जावयानं त्याची मस्करी केली नाही, वैर धरलं. सासऱ्याच्या घरी पाण्याचा घोट घेईना आणि मुलीला माहेरी पाठवीना. यानं सगळी हकीकत सांगितली तर म्हणाला, “मामा, तुरुंगातून आलेला परतेक जण असंच सांगतो.”

अशात एका जुन्या तुरुंगात सरकारनं राष्ट्रीय इतिहासाचं संग्रहालय उघडल्याची बातमी आली. मी ती ओट्यावर मोठ्यानं वाचली. शाळेत इतिहास शिकवत असल्यामुळे मला काहीही मोठ्यानंच वाचायची सवय. तुरुंगाचं नाव ऐकताच म्हातारा ताठ बसला. “मी यातच होतो.”

“मग जावयाला घेऊन चल! भिंतीच बोलतील!” मी म्हणालो. असली वाक्यं मला फार सुचतात.

जावई आला, हेच नवल. एसटीत तो आमच्यापासून चार बाकं पुढे बसला. म्हातारा नवं धोतर नेसला होता. तुरुंगाचं दार दिसताच तोच वाटाड्या झाला. “हे बघा जावय, इथं भाकरी वाटायचे. ही विहीर. खाली वाका, डोकं आपटंल.” जावई वाकला. एकदा तर “पावसात इथं पान्यात पाय बुडायचे काय?” असंही त्यानं विचारलं. म्हातारा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता.

नेत्यांच्या कोठड्यांना हार घातले होते, आत त्यांच्या तसबिरी होत्या. मी राखणदाराला ऐटीत म्हटलं, “हे गृहस्थही बेचाळीसला इथंच होते.”

राखणदारानं अदबीनं हात जोडले. “कोणत्या बराकीत, बाबा?”

म्हाताऱ्यानं आनंदानं अंगणापलीकडे बोट दाखवलं. “ती. टोकाची.”

राखणदाराचे हात सुटले. “ती होय? ती चोरांची. तिथं आता आम्ही झाडू-बादल्या ठेवतो.”

जावयानं नुसतं म्हाताऱ्याकडे पाहिलं.

मी भाषण सुरू केलं. इंग्रजांचा कायदा, राजकीय गुन्हा, साधा गुन्हा, बरंच काही. वर्गातली पोरं ऐकतात तेवढंच राखणदारानं ऐकलं. मग म्हणाला, “तुम्ही होतात का तेव्हा इथं?” मी तेव्हा पुण्यात शिकवणीला जात होतो.

“राहू द्या मास्तर,” म्हातारा म्हणाला, “घसा सुकंल.”

बाहेर पडायच्या दालनात एक काचपेटी होती. आत मखमलीवर वेटोळं घातलेली तार, आणि खाली लिहिलेलं: ‘देशभक्तांनी तोडलेली तार’. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, या खेपेला हळू आवाजात.

तो बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला. “तार सुटली म्हनायची,” इतकंच म्हणाला. जावई तोवर एसटीच्या थांब्यावर पोचला होता.

त्यानंतरही म्हातारा यायचा. पण आरोळी बंद झाली. फाटकाची कडी वाजवायचा आणि मान खाली घालून उभा राहायचा. आमची ही एकदा मुद्दाम म्हणाली, “काय हो, आज भांडी आत घेऊ ना?” तो हसला नाही. “तसं नगा बोलू, वहिनी,” म्हणाला.

मुलगी माहेरी आली ती तो गेल्यावर, तेही चिता विझल्यावर. मी भेटायला गेलो तेव्हा ती दारात बसली होती आणि जावई किनाऱ्यावर बोंबलांचे खांब उपटून बैलगाडीत भरत होता.

मला पाहून त्यानं घाम पुसला.

“चांगलं लाकूड हाय, मास्तर,” तो म्हणाला. “फुकट कशाला घालवायचं?”