आमच्या वाडीत आलेली मोठी गाडी

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि आठवणी लिहाव्यात एवढं माझं वयही नाही. त्यात हे सगळं गाडीबद्दल आहे आणि मला गाडी चालवता येत नाही. मी कॉमर्सचा विद्यार्थी. गाडीच्या आतलं जे थोडंफार समजलं ते बाबांकडून आणि वर्कशॉपमधल्या माणसाकडून. त्यात काही चुकलं असेल तर ती चूक माझी. पण या उन्हाळ्यात जे पाहिलं, ते लिहिल्याशिवाय डोक्यातून जाईना, म्हणून बसलो.

माझे बाबा ड्रायव्हर आहेत. मुलुंडच्या एका कुटुंबाची गाडी ते मी बालवाडीत होतो तेव्हापासून चालवत होते. त्या घरातल्या गाड्या बदलल्या, बाबा तेच राहिले. बाबा त्यांना सर आणि मॅडम म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो. गेल्या वर्षी सरांनी मोठी हायब्रिड एसयूव्ही घेतली. सात माणसं बसतील अशी, आणि बॉनेट माझ्या छातीपर्यंत येईल एवढी उंच. हायब्रिड म्हणजे तिला पेट्रोलचं इंजिनही असतं आणि बॅटरीवर चालणारी मोटरही. कधी काय वापरायचं ते गाडीच ठरवते. पहिल्या दिवशी बाबा घाटकोपरला घरी आले आणि चप्पल काढता काढताच आईला म्हणाले, "अगं, बटण दाबलं तर आवाजच नाही. मला वाटलं चालू नाही झाली, म्हणून परत दाबलं, तर बंद झाली. दोनदा तसंच. वॉचमन हसायला लागला ना!"

ही गाडी रोज जायची मुलुंडहून अंधेरीला, सरांच्या ऑफिसला. म्हणजे बहुतेक वेळ पवईच्या ट्रॅफिकमध्ये उभी. सरांना ते फार लागायचं. "डोंगर चढायला बनवलेली गाडी आहे हो ही," ते बाबांना म्हणायचे, "आणि आपण तिला सिग्नलला कुजवतोय." बाबा एकदा सहज बोलून गेले की आमच्या गावच्या वाटेवर तिची खरी परीक्षा होईल. सरांनी ते मनावर घेतलं. मे महिन्यात सर, मॅडम, बाबा आणि सुट्टी होती म्हणून मी, असे चौघं सिंधुदुर्गात आमच्या वाडीकडे निघालो.

आमची वाडी डांबरी रस्त्यापासून आत आहे. मधे एक ओढा लागतो, त्याला आम्ही व्हाळ म्हणतो. मे महिन्यातही त्यात थोडं पाणी असतं आणि तळाला कलिंगडाएवढे गोटे. त्यापुढे सुट्या जांभ्या दगडांची चढण. टेम्पोवाले अलीकडेच माणसं उतरवतात. बाबांनी गाडी थांबवली, पँट वर दुमडली, स्वतः पाण्यात चालून आले आणि म्हणाले, "सर, जाईल तशी. पण तुम्ही सांगा."

"घाला हो," सर मागून म्हणाले. "बघू तरी काय करते!"

बाबांनी खडबडीत वाटेसाठीचा नॉब फिरवला आणि गाडी पाण्यात घातली. पलीकडच्या काठाला उजवं पुढचं चाक चक्क हवेत लटकलं. मी मागे सीटला गच्च धरून बसलो होतो. गाडी क्षणभर थांबली, खालून कटकट असा आवाज आला, उरलेल्या चाकांनी जमीन पकडली आणि ती एखादं जनावर उठून उभं राहावं तशी वर आली. मॅडम ओरडल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी हे असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

वर चढणीच्या टोकाला बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका, हात कमरेवर ठेवून उभे होते. "हय आजपर्यंत दोनच पोचले," ते म्हणाले, "बैलगाडी आणि जेसीबी." मग इंजिनचा आवाज येईना म्हणून त्यांनी बॉनेटला कान लावला. "गो बाय, ही जिती आसा का मेली?"

दोन दिवस अख्खी वाडी गाडीभोवती होती. सर सगळ्यांना सांगत होते, "तुमचा भाऊ म्हणजे कमाल माणूस आहे. दुसरा ड्रायव्हर असता तर मी पाण्यात घालू दिली नसती." बाबा खाली बघून हसायचे. माझ्या बाबांना मी इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मॅडमना गावचा लाल तांदूळ हवा होता. काकांनी एक गोण आणली, मग दुसरी, मग आमसुलं, नारळ, दोन फणस. बाबा म्हणत होते, पुरे. काका ऐकेनात. "रिकामी गाडी जावची नाय आमच्या दारासून." आणि सर स्वतः म्हणाले, "अजून जागा आहे की. मागची एक सीट पाडा." मी उरलेल्या सीटवर बसलो. गोणी खालपासून माझ्या खांद्यापर्यंत, बाजूच्या प्लास्टिकला अगदी चिकटून.

व्हाळ पार झाला. डांबरी रस्त्याकडची चढण अर्धी झाली आणि गाडीने बीप केलं. पडद्यावर इंग्रजीत आलं ते मी वाचून दाखवलं: बॅटरी गरम झाली आहे, सुरक्षित जागी थांबा. बाबा पेडल दाबत होते, पण गाडीतला जोर ओसरत गेला. मग ती थांबली. आवाज आधीही नव्हता, त्यामुळे बंद पडल्याचंही कळलं नाही. फक्त एसीची हवा थांबली.

वाडीतली माणसं दोर घेऊन धावत आली. आमच्याकडे काहीही बंद पडलं की हेच करतात. सरांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ही गाडी दोराने ओढायची नाही, चाकं फिरली तर आत वीज तयार होते, असं तिकडून सांगितलं. काका दोर खांद्यावर घेऊन तसेच उभे. "एवढी मोठी गाडी," ते म्हणाले, "आणि ढकलूची सुद्धा नाय?" कोणीतरी हसलं.

त्या हसण्याने झालं की उन्हाने, मला माहीत नाही. सर बाबांकडे वळले. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं पाण्यातून घालायला? एवढी वर्षं गाडी चालवता, अक्कल नको?"

मी माझ्या कानांनी ‘घाला हो’ ऐकलं होतं. मॅडमनीही ऐकलं होतं. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं आणि मग फोनकडे. समोर काका, चुलत भाऊ, शेजारची माणसं. मला वाटलं बाबा आता बोलतील. बाबा म्हणाले, "हो सर." एवढंच. मला बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

वजन कमी व्हावं म्हणून सगळं सामान खाली काढलं. तास-दीड तासाने गाडी गार झाली आणि मुकाट्याने चढण चढून डांबरी रस्त्याला लागली. पण सरांचा विश्वास उडाला होता. ते आणि मॅडम भाड्याच्या गाडीने परतले. आमची गाडी मोठ्या ट्रकवर चढवली आणि बाबा आणि मी त्या ट्रकच्या केबिनमधून मुंबईला आलो. सगळ्या वाटेत बाबा एकच वाक्य बोलले, "ती तशी थांबायला नको होती रे."

चारकोपच्या वर्कशॉपमध्ये काय झालं ते सांगायला बाबांना बोलावलं, तेव्हा मीही गेलो. तिथल्या मेकॅनिकने मागच्या सीटच्या बाजूची एक जाळी काढली. मी ज्या गोणींना टेकून बसलो होतो, त्यांच्याच मागे ती होती. आतल्या फिल्टरवर ज्यूटचे धागे आणि तांदळाचा कोंडा थापल्यासारखा बसला होता.

"बॅटरीला इथून हवा मिळते," तो म्हणाला. "तुम्ही तिचं नाक दाबलंत."

"आणि पाणी?" बाबांनी विचारलं.

"पाण्याचं काय? तेवढ्या पाण्यात हिचे पाय धुवून होतात फक्त."

आम्ही दोघं थक्क होऊन त्या कोंड्याकडे बघत राहिलो. गोटे, पाणी, जांभ्याची चढण, कशालाही न हरलेली गाडी आमच्या पाहुणचाराने थांबली होती. बाबांनी तिथूनच सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, जाळी, कोंडा, सगळं. पलीकडून सर म्हणाले, "बरं. बॅटरी पूर्ण तपासू दे त्यांना. गाडी येईपर्यंत तुम्ही घरीच थांबा." दुसरं काही नाही.

घरीच थांबा म्हणजे सुट्टी की शेवट, ते आम्हाला कळेना. बाबा घरात बसणारे नाहीत. त्यांनी पंखा पुसला, खिडकीच्या जाळ्या पुसल्या, शेजाऱ्यांची स्कूटर धुतली. आई म्हणाली, "आता मला पुसायला घ्या." मग थोड्या वेळाने हळूच, "सांगून टाका ना त्यांना, गोणी त्यांनीच भरायला लावल्या म्हणून."

"सांगून काय होणार? त्यांना माहीत नाही का?"

गावाहून काकांचा फोन आला. "माझ्या तांदळान तुझी नोकरी गेली काय रे?" बाबा हसले आणि म्हणाले, नाही रे दादा. पण फोन ठेवल्यावर ते बराच वेळ जिन्यात उभे होते. माझं शेवटचं वर्ष बाकी होतं. मी म्हटलं, मी डिलिव्हरीचं काम बघतो. बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत, पण त्या दिवशी ओरडले. "गप अभ्यास कर. मी मेलो नाही अजून."

कॉलेज सुरू झालं. मी अंधेरीला कॉलेजच्या पायऱ्यांवर मित्राबरोबर वडापाव खात होतो तेव्हा बाबांचा फोन आला. ते कॉलेजच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी लगेच उचलला.

"गाडी आली वर्कशॉपमधून," बाबा म्हणाले. "एकदम ओके आहे. बॅटरीला काही झालेलं नाही."

"मग सोमवारपासून जायचं ना?"

"नाही रे. विकली सरांनी. मॅडम म्हणाल्या, मी त्या गाडीत परत बसणार नाही. छोटी घेतली. ती त्या स्वतः चालवणार."

मी हातातला वडापाव कागदावर ठेवला. गाडीत दोष नव्हता, बाबांचा दोष नव्हता, हे सगळ्यांना कळलं होतं आणि तरीही. मित्र विचारत होता, काय झालं यार.

"अरे, आहेस ना? ऐक तर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता; त्यांनाच ते खरं वाटत नसावं. "घेणारा बोरिवलीचा आहे. वाडा तालुक्यात शेती आहे त्याची, रस्ता कच्चा. त्याने सरांना विचारलं, गाडी कोण चालवायचं? सर म्हणाले, आमचा ड्रायव्हर. तर तो म्हणाला, मग गाडीबरोबर तोही द्या."

"आणि सर?"

"दिला म्हणाले. उद्यापासून बोरिवली."