माझे इमानी जंत

२०२३ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, मी स्वतःच्या पोटात जंत पाळायचं ठरवलं.

हसू नका, कारण होतं. मी दातिवऱ्याचा कोळी, उभा जन्म होडीवर गेला. (शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेही मास्तरांना मासळी पोचवायला.) आता बोईसरला लेकाकडे राहतो. त्या वर्षी कोलंबी खाल्ली की माझ्या अंगावर भाकरीएवढ्या गांध्या उठायला लागल्या! कोळ्याला कोलंबीची खाज! सांगणार कुणाला?

त्यात नात नयनाचं लग्न जुळत आलं होतं. मुलाचे आईवडील वाणगावहून रविवारी जेवायला येणार. आमच्या घरची रीत अशी, की पहिली कोलंबी घरातल्या म्हाताऱ्याने पाहुण्यांसमोर खायची. नाही खाल्ली तर पाहुणे समजणार, मासळी शिळी. आणि कोळ्याच्या घरी शिळी मासळी म्हणजे मोडलंच स्थळ!

नयना नर्सिंग शिकते. तिलाच गुपचूप विचारलं.

"ॲलर्जी हाय, आजोबा. अंगातले पहारेकरी कोलंबीला चोर समजून धावतात."

"मग इतकी वर्षं झोपले होते?"

"जंतांनी झोपवले असतील! पोटातले जंत स्वतःचा जीव वाचवायला पहारेकऱ्यांना गप्प करतात. म्हणून जंतवाल्या काही लोकांत ॲलर्जी कमी दिसते. पण..."

'पण'च्या पुढचं ऐकायची मला सवय नाही. मला चोर सापडला होता! मागल्या वर्षी याच पोरीने घरातल्या सगळ्यांना जंताची गोळी चारली होती. माझे इमानी जंत, ऐन लग्नाच्या तोंडावर हाकलले!

'अनवाणी फिरू नका, घाणीतले जंत तळव्यातून शिरतात,' असंही तीच तेव्हा बजावत होती. मी तडक बेटेगावला माझा दोस्त भिक्या राहतो तिथे गेलो. पूर्वी सगळा गाव टमरेल घेऊन जायचा त्या जागी चपला काढून चिखलात उभा राहिलो.

भिक्या धावत आला. "काय हरवलं रं?"

"जंत!"

"कोणाचं?"

"माझं!"

भिक्या भडकला. "आमच्या गावात जंत? घरोघरी संडास हाय आता! दुसरं गाव बघ!"

मी कसला हटतोय! दुपारभर बगळ्यासारखा उभा. घरी आलो तर तळवे खाजत होते. म्हटलं, आलं बिऱ्हाड!

रविवारी पाहुणे पानावर बसले. मी मिशीला पीळ दिला आणि एक नाही, मूठभर कोलंबी तोंडात टाकली. "बघा, ताजी..." म्हणेपर्यंत ओठ सुजले, डोळे मिटले. जाळ्यातला केंड मासा हवा भरून फुगतो ना, तस्सा!

"अगं बाई, मासळीत विष हाय!" विहीणबाई किंचाळल्या. पानं तशीच राहिली.

नयनाने मला रिक्षात कोंबलं. शेजारी व्याही चढले. वाटलं, हा आता रिक्षातच स्थळ मोडतो. सुजलेल्या तोंडाने मी चिखलाची हकीकत सांगितली.

नयना कडाडली, "जंत रक्त पितात, आजोबा! आणि ते आले म्हणून ॲलर्जी जाईल याचा काय भरवसा नाय. 'पण'च्या पुढे हेच होतं!"

दवाखान्यात सुया टोचल्या, सूज उतरली. व्याही कानाशी आले. "दादा, खरं सांगू? कोलंबी मला पण चालत नाय! नको म्हटलं तर तुमी समजणार, आमी मासळीला नावं ठेवतो. सकाळपासून घाम फुटलेला. तुमी फुगलात म्हणून मी वाचलो! आता हे घर सोडायचं नाय!"

लग्न पक्कं झालं. डॉक्टरने माझे तळवे पाहिले, म्हणाला, "ह्या नुसत्या चिखल्या आहेत, चिखलाने होणारी खाज. तरी उद्या सकाळी शौचाची डबी आणा, जंत बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी घेऊन ताठ मानेने गेलो, आणि तपासणी होईपर्यंत बाकावरून हललो नाही. नातीला स्थळ मिळालं, पण मला बेटेगावच्या एकाही जंताने पसंत केलं नव्हतं!